गाडीचा फोटो कोण काढतं?

पुलगाव-आर्वी रेल्वेचा मी काढलेला एकही फोटो माझ्याकडे नाही. हे लिहिताना लाज वाटते. मी पुलगावचा, फोटोग्राफीवर पोट भरणारा, आणि ती गाडी धावत होती तेव्हा माझ्या गळ्यात कॅमेरा होता.

कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. ऊन आणि ढग असे दोनच पर्याय. पाठीमागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. बारा फोटो झाले की संपलं. रोल बहुतेक वेळा ‘इंदू’चा, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, काळा-पांढरा. तुमच्या फोनमध्ये एका चहाचे बारा फोटो असतील. आमच्याकडे बारा फोटोंत दिवाळी, मुंज आणि आजीचा ‘असू द्या एक’ म्हणून काढलेला फोटो, एवढं सगळं बसवावं लागे.

आर्वीला जाताना एकदा फलाटावर मी कॅमेरा गाडीकडे वळवला. मावशी खेकसली, “गाडीचा फोटो कोन काढते? ते तं रोजच येते. अन् रील काय झाडाले लागते काय?” मी कॅमेरा फिरवला आणि मावशीचाच फोटो काढला. त्यात मावशी आहे, तिची पिशवी आहे, आणि उजव्या कोपऱ्यात डब्याच्या पायरीचा एक तुकडा आहे. तेवढीच माझी आर्वी गाडी.

आता ती गाडी काय होती ते सांगतो. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोचली. वाटेत तिने इथे वर्धा नदी ओलांडली. आमच्या गावाच्या नावातच पूल आहे. या मोठ्या लाईनीला ओढून आणण्यात वऱ्हाडच्या कापसाचा हात मोठा होता. मग पुलगावात कापडाची मिल उभी राहिली. कित्येक घरांचं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चाले. आर्वीकडचा कापूस बैलगाड्यांनी यायचा, त्याला रूळ मिळाले १९१७मध्ये. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकारातून निघालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेची ही शाखा. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या लाईनीच्या निम्म्याहूनही कमी, आणि लांबी साधारण ३५ किलोमीटर. सोरटा, विरूळ, रोहणा अशी गावं घेत ती आर्वीला जायची. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ याच कंपनीची. म्हणून आमच्याकडेही हिला शकुंतलाच म्हणत. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीची आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे, असा हा अजब संसार होता.

भूगोलाच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. असतं तर कदाचित मी मावशीशी वाद घातला असता.

पण कशाचा फोटो काढायचा हे फक्त रोलच्या पैशांवर ठरत नाही. पुलगावहून तासाभरावर सेवाग्राम आहे. तिथे गांधीजींच्या चुलत नातवाने, कनू गांधीने, १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं त्यांचे फोटो काढले. कनूचा जन्म १९१७चा, आमच्या गाडीच्याच वयाचा. कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडून पैसे मिळणार नव्हते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आणि रोल आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रमाने खर्च द्यायचा नाही. त्याच्याही रोलमध्ये बाराच फोटो, चौकोनी. पण तो बापूंची पाठ काढायचा, लिहिणारा हात काढायचा. जे रोज दिसतं त्यावर रोल घालवण्याची त्याची तयारी होती. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत होत्या, तो क्षण मात्र गांधीजींनी त्याला टिपू दिला नाही. मला कनूच्या फोटोंइतकाच हा न काढलेला फोटो आठवत राहतो.

आमच्या गावात न काढलेल्या फोटोंचं एक मोठं राज्यच आहे. लष्कराचा केंद्रीय दारूगोळा भांडार. गावातले लोक नुसतं ‘डेपो’ म्हणतात. तारेचं कुंपण, आणि कुंपणावर फोटो काढण्यास मनाईची पाटी. मी गावच्या लग्नांचे शेकडो अल्बम केले, त्यांत डेपो कुठेच नाही. ३१ मे २०१६च्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, तिथे आग लागली आणि स्फोट झाले. खिडक्या हादरल्या, आभाळ लाल झालं. जवळच्या गावांतली माणसं मिळेल त्या वाहनाने बाहेर पडत होती. मी गाडी काढली आणि दोन-तीन घरच्या बाया-पोरांना बसवलं. कॅमेऱ्याची बॅग सीटखाली तशीच राहिली. सकाळी कळलं, आग विझवणारे जवान, अधिकारी, अग्निशमन दलाची माणसं गेली होती. बॅग उघडली नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. गाडीचं वाटतं, अजून वाटतं.

मिल बंद पडली तेव्हा डिजिटल कॅमेरा हातात होता. आता काय, मोजायचं कारणच नाही! भिंती, धुराडं, गंजलेली फाटकं, भरपूर काढलं. ते सगळं एका हार्ड डिस्कवर होतं आणि ती डिस्क एका पावसाळ्यात गेली. मावशीची निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात अजून ठणठणीत आहे.

सध्या मी लाईनीवरच्या गावांमधून जुने अल्बम बघत फिरतो. समृद्धी महामार्ग विरूळजवळून जातो, तिथून नागपूर आता किती जवळ आलं हे लोक कौतुकाने सांगतात. मी विचारतो, गाडीचा फोटो आहे का? नाही म्हणतात. मग म्हणतो, बरं, वरातीचा दाखवा. त्यात असते. नवरदेवाच्या मागे डब्याची खिडकी. दूध घेऊन उभ्या माणसाच्या पायाशी एक रूळ. एका फोटोत मुलाच्या फेट्याने स्टेशनची पाटी झाकली आहे, ‘वि’ गेलाय, नुसतं ‘रूळ’ उरलंय. कुणी मुद्दाम काढलेलं नाही, म्हणून वाचलं.

प्रत्येक फोटो मी फोनवर घेतो आणि मूळ फोटो तिथेच परत चिकटवतो. मागे वर्ष, गाव आणि फोटोतल्या माणसांचं नातं पेन्सिलने लिहून ठेवतो. आतापर्यंत पायऱ्या, खिडक्या, रूळ आणि दोन पाट्या मिळाल्या आहेत. इंजिन अजून कुणाच्याच मागे सापडलेलं नाही. रोहण्यात एका घरी जुनी ट्रंक आहे, पण किल्ली सुनेकडे आहे आणि ती माहेरी गेली आहे. दिवाळीनंतर या म्हणाल्या.