सोप्यातला कारखाना

दिवाळीच्या खरेदीत कपड्यांचा मान पहिला, आणि पायताणांची आठवण यादीच्या शेवटी होते. तरीसुद्धा नवी कोल्हापुरी पायात घालून, ती करकर वाजवीत घरभर एक फेरी मारल्याशिवाय आपले समाधान होत नाही. दुकानात आपण ती उलटीसुलटी करून पाहतो, वेणी पाहतो, गोंडा पाहतो, भावात घासाघीस करतो. ती कोणत्या जागेत बसून शिवली, हे मात्र कोणी विचारीत नाही. मला त्या जागेविषयी लिहायचे आहे.

कोल्हापूरकडे घराच्या दर्शनी भागाला सोपा म्हणतात. चांभाराचा सोपा तो काय असायचा? चार माणसे दाटीने बसतील एवढा. पण त्याची मांडणी पाहिली, तर एखाद्या शहाण्या इंजिनियरने मान डोलवावी. दारातून उजेड येतो, तिथे बैठक. कारण आरीने पाडलेली भोके सारखी पडली पाहिजेत, आणि ती दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात पडत नाहीत. समोर जड, गुळगुळीत दगड. त्यावर कातडे ठेवून कुटायचे म्हणजे ते दाट होते. हाताशी रापी, आरी, हातोडा आणि कातड्याच्या वाद्या. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो. तळ, टाच आणि कान सारे कातडी वादीनेच शिवलेले असते. पकड म्हणून वेगळे हत्यार नाही, माणसाचे दोन पायच पकडीचे काम करतात. कापायचे कातडे तळव्याखाली दाबून धरायचे आणि रापी चालवायची. वर आढ्याला कमावलेल्या कातड्याच्या सुरळ्या, म्हणजे ओल आणि उंदीर दोहोंपासून राखण.

आणि बाजूला पाण्याची कुंडी. कोरडे कातडे आरीखाली तडकते; ते भिजवून, ओले असतानाच कापावे, कुटावे, शिवावे लागते. कुंडी कोरडी पडली की काम थांबले.

आता एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. चांभारवाडा गावाबाहेर का, असे विचारले की पुष्कळ सज्जन मंडळी अजूनही ‘वासामुळे’ असे सांगतात. कातडे कमावण्याच्या कामाला वास असतो, हे खरे. चुन्यात घालून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवून टांगायची आणि तिच्यात बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा कस भरून आठवडेच्या आठवडे मुरवायचे, हे काम नाकाला सुखाचे नव्हे. पण आपल्याकडे ते काम बहुतेक ठिकाणी ढोर समाजाकडे होते. चांभाराच्या सोप्यात येई ते कमावलेले कातडे. त्याला असलाच तर हिरड्याचा तुरट दर्प. तेवढ्या दर्पासाठी घर वेशीबाहेर नेण्याचे कारण नव्हते. कारण दुसरे होते, आणि ते आपल्याला ठाऊक आहे.

ते किती बोचरे होते हे कुंडीच सांगते. ज्या धंद्याची पहिली गरज पाणी, त्या धंद्यातल्या माणसाला गावच्या विहिरीवर हात लावता येत नव्हता. पिण्याला पाणी मिळण्याची मारामार, तिथे कातडे भिजवायला कोठून आणायचे? शिवलेला जोडा ज्यांच्या पायात जाई, त्यांच्या विहिरीला शिवणाराचा पोहरा चालत नसे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ साली सार्वजनिक जागा आणि पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा तशाच अर्थाचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. पण कागदावरचा ठराव म्हणजे विहिरीतले पाणी नव्हे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

संत रोहिदासांच्या कथेत गंगा त्यांच्या कातडे भिजवायच्या कठवतीत प्रकट होते. मुलांना ही कथा भक्तीचा महिमा म्हणून सांगतात. ती सांगणाऱ्यांना पाण्याची तहान ठाऊक असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते. ज्याला घाटावर जागा नाही, त्याच्या कुंडीत गंगा आली, एवढे त्या कथेत नक्कीच आहे.

भाषेनेही या सोप्यावर अन्याय केला. नसत्या, खोदखोदून केलेल्या विचारपुशीला आपण ‘चांभारचौकशा’ म्हणतो. पण कामाच्या नजरेने पाहा. गिऱ्हाईक शेतात चालणारे की पेढीवर बसणारे, एक पाय दुसऱ्याहून मोठा आहे काय, टाच कोणत्या अंगाने झिजते, हे विचारल्याशिवाय जोडा शिवायचा कसा? डॉक्टरने तेच विचारले तर आपण फी देतो.

बाहेरची माणसे या कामाला बसली, तेव्हा मात्र कौतुक झाले. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी चपला शिवायला शिकले. त्यांना शिकविले कॅलनबाखनी, आणि कॅलनबाख ती विद्या ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात शिकून आले होते. तुरुंगात शिवलेला एक जोड गांधीजींनी जनरल स्मट्स यांना दिला, तो स्मट्सनी पुढे आदराने परत पाठविला. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्याच कातड्यावर चालणारे चर्मालय उभे केले. ही माणसे मोठी होती, यात शंका नाही. पण त्यांना हवे तेव्हा त्या दगडापुढून उठता येत होते.

गावातल्या चांभाराला उठणे कठीण, कारण बलुते. त्याचे खरे बारमाही काम चपलांचे नव्हतेच, ते मोटेचे होते. विहिरीवरची मोट फाटली की मळा वाळतो. म्हणून सुगीला त्याच्या वाट्याला धान्य येई. विहिरीवर इंजिने आली, मागून विजेचे पंप आले, आणि मोट पाहता पाहता गेली. तिच्या गाण्यांसाठी हळहळणारे पुष्कळ निघाले. ती शिवणाऱ्याचे काय झाले, ही चौकशी थोड्यांनीच केली. तो बाजाराकडे वळला. कापशी, अथणी, निपाणी, मिरज अशा गावांची नावे पायताणांमुळे दूरवर गेली, आणि कोल्हापूरच्या सुभाषनगरात घराघरातून ठोकणे ऐकू येऊ लागले.

या बाजाराच्या कामात घरातली बाई अधिकच गुंतली. कापणे आणि ठोकणे बहुधा पुरुषांकडे. पण पट्ट्यावरची वेणी, बारीक वाद्यांची गुंफण, गोंडे हे काम बहुतेक बायकांच्या हातचे. चुलीवर भात ठेवावा, तो शिजेपर्यंत एक वेणी पुरी करावी, मूल रडले तर ती दातात धरून उठावे. कारखाना घरातच असल्यामुळे तिला बाहेर जावे लागले नाही, हा लाभ. आणि कारखाना घरातच असल्यामुळे ती कामावर आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, हा तोटा. मजुरी जोडामागे मिळते आणि ती घरधन्याच्या हातात पडते. दुकानात आपल्या डोळ्यांत प्रथम भरते ती मात्र तिची वेणी.

अलीकडे सोपा आणखी आक्रसला आहे. घरे वाढली, माणसे वाढली, अंगण गेले. पावसाळ्यात माल वाळवायचा कोठे, हा प्रश्नच आहे. स्वस्त कामात वादीच्या जागी रबराचे सोल्युशन आले. त्याची वाफ बंद खोलीत कोंडते, आणि त्याच खोलीत मुले झोपतात. हिरड्याचा वास ज्यांना सोसवला नाही, त्यांनी एकदा हा वास घेऊन पाहावा. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी लागू झाल्यावर कातड्याची आवकही अडचणीची झाली.

नाव मात्र मोठे होत गेले. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे इटलीच्या प्राडा कंपनीने तसलीच पायताणे मिरविली, तीही कोल्हापूरचे नाव न घेता. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. वर्ष संपता संपता दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही जाहीर झाला. चांगले झाले. कंपनीचे तज्ज्ञ कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांनी कारागिरांची कामे पाहिली, मापे विचारली, कातड्याची जात विचारली. या चांभारचौकशांत आणखी दोन प्रश्नांची भर पडायला हवी होती: या खोलीला दुसरी खिडकी काढायला किती खर्च येईल, आणि वेणीची मजुरी कोणाच्या हातात द्यायची?