विश्रामबागवाडा ते गणेशखिंड: तत्त्वज्ञानाची पदवी कुणाच्या पैशाने, कुणासाठी?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. गेल्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीचा फोन आला. मूळची जुन्नर तालुक्यातली, पुण्यात वसतिगृहात राहून बारावी आर्ट्स केलेली. म्हणाली, "सर, मला पुढे तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानच करायचंय. मेजर घ्यायचाय. पण कॉलेजात म्हणतात, मुलं कमी आली तर बॅच चालणार नाही, त्यापेक्षा दुसरा विषय भर." दुसऱ्या ठिकाणी विषय होता, पण तिथलं गणित तिच्या वडिलांना परवडणारं नव्हतं. शेवटी तिने वेगळा विषय घेतला. "ओपन इलेक्टिव्हमध्ये मिळालं तर घेईन," म्हणाली.

मी "बरं बाळा" म्हटलं आणि फोन ठेवला. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या सार्वजनिक विद्यापीठाने, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, गणेशखिंडीच्या आवारातच तत्त्वज्ञानाची पूर्ण बीए पदवी सुरू करावी, असा माझा प्रस्ताव आहे. विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग ओळखला जातो तो एमए आणि पीएचडीसाठी. पदवीची जबाबदारी कॉलेजांवर आहे, आणि कॉलेजांना ती पेलवेनाशी झाली आहे.

यावर लगेच प्रश्न येईल: लोकांच्या पैशाने तत्त्वज्ञान कशाला? प्रश्न चुकीचा नाही. तो या शहरात पावणेदोनशे वर्षं विचारला जातोय. म्हणून थोडा इतिहास.

दक्षिणेचा पैसा

पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. १८१८ मध्ये राज्य गेलं, पण इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. त्याच पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, वेदान्त, व्याकरण, धर्मशास्त्र असे विषय तिथे शिकवले जात. म्हणजे सरकारी खर्चाने तत्त्वज्ञान शिकवणं ही पुण्याला नवी गोष्ट नाही. आज तुळशीबागेत खरेदीला जाताना आपण ज्या वाड्यावरून जातो, तिथे दोनशे वर्षांपूर्वी सरकारी खर्चाने न्यायशास्त्र चालायचं.

पण दार अरुंद होतं. शिकवणारे ब्राह्मण, शिकणारे ब्राह्मण आणि भाषा संस्कृत. पैसा मात्र शेतसाऱ्याचा.

१८४९ मध्ये लोकहितवादी आणि काही तरुण सुधारकांनी मागणी केली की दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. आदल्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली होती. पुढे दक्षिणेतून मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. माझ्या मते पुण्यातल्या ज्ञानाच्या इतिहासातलं हे मोठं वळण आहे. पैसा तोच राहिला, पण तो कुणासाठी आणि कोणत्या भाषेत खर्च व्हावा, हे बदलायला सुरुवात झाली.

एकाच कॉलेजातून दोन टोकं

पाठशाळेचं १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र इंग्रजीत आलं. मिल, स्पेन्सर, कान्ट ही नावं पुण्यात वाचली जाऊ लागली.

याच कॉलेजात टिळक शिकले आणि आगरकरही शिकले. आगरकरांनी मिल-स्पेन्सर वाचून 'सुधारक' काढला आणि रूढींवर तुटून पडले. टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं. ते छापलं गेलं १९१५ मध्ये. त्यात गीतेसोबत मिल, स्पेन्सर, कान्ट, ग्रीन यांच्याशी वाद आहे. पुस्तकं तीच, निष्कर्ष उलटे.

"तत्त्वज्ञान शिकवलं की मुलं डावी होतील" किंवा "उजवी होतील" असं म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मित्रांना मी हे उदाहरण देतो. हा विषय मत तयार करून हातात देत नाही. मत असेल तर त्याची कारणं द्यायला लावतो. बास.

१८८२: फुल्यांची साक्ष

हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये जोतीरावांनी निवेदन दिलं. मुद्दा सरळ होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आणि खेड्यातली पोरं अक्षराविना राहतात. आधी प्राथमिक शिक्षण द्या.

हे निवेदन "उच्च शिक्षण नको" म्हणून वाचणारे पुष्कळ आहेत. तसं ते नाही. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावं याला जोतीरावांचा विरोधच होता. कॉलेजात न जाता, घरी अभ्यास करूनही बीएसारख्या परीक्षांना बसता यावं, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे दार बंद करा असं ते म्हणत नव्हते, रुंद करा म्हणत होते. आणि हा माणूस स्वतः टॉमस पेन वाचून घडला होता. 'सार्वजनिक सत्यधर्म', जे त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये छापलं गेलं, ते तत्त्वज्ञानाचं पुस्तक नाही तर काय आहे?

त्याच १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. त्यातला युक्तिवाद मी वर्गात तर्कदोष शिकवताना वापरायचो. प्रतिपक्षाचंच विधान घेऊन ते त्याच्यावर कसं उलटवायचं, याचा इतका चांगला नमुना क्वचित सापडतो.

कॉलेजांचे चांगले दिवस

१८८५ मध्ये फर्ग्युसन आलं. गुरुदेव रानडे तिथे तत्त्वज्ञान शिकवायचे, पुढे ते अलाहाबादला गेले. इरावती कर्वे यांनी १९२६ मध्ये फर्ग्युसनमधूनच तत्त्वज्ञान घेऊन बीए केलं आणि मग त्या समाजशास्त्र-मानववंशशास्त्राकडे वळल्या. 'युगान्त' वाचताना मला नेहमी वाटतं, पात्रांना प्रश्न विचारायची ती सवय कुठेतरी त्या बीएच्या वर्गात लागली असणार.

एसपी कॉलेजात सोनोपंत दांडेकर. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, प्राचार्य आणि त्याच वेळी वारकरी कीर्तनकार. ज्याने वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ शिकवले, तोच माणूस ज्ञानेश्वरीवर बोलायला उभा राहायचा. "हा विषय आपल्या मातीतला नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिकडे खानदेशात अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तालुक्याच्या गावी, गिरणीच्या पैशातून! तिथून इंग्रजी त्रैमासिक निघायचं आणि देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहायचे. साने गुरुजीही काही काळ तिथे होते.

विद्यापीठाचा वाटा

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं. ज्या गणेशखिंडीच्या बंगल्यात गव्हर्नर राहायचा, तिथे विद्यार्थ्यांचे दाखले मिळू लागले. सत्तरच्या दशकात सुरेंद्र बारलिंगे तत्त्वज्ञान विभागात होते. १९७३ पासून अमळनेरच्या केंद्रासोबत 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या विभागातून निघू लागलं. पुढे मराठी 'परामर्श' आलं. १९७४ मध्ये दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांत पुण्यातून प्रसिद्ध झाला.

आणि १९८३ चा जुलै. मे. पुं. रेगे, दया कृष्ण वगैरे मंडळींनी पुण्यात एक वेगळाच प्रयोग केला. पारंपरिक न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले. विषय होता बर्ट्रांड रसेलची विधानाविषयीची कल्पना, आणि चर्चेची भाषा संस्कृत! पंडितांनी पोथीतलं उद्धृत फेकून विषय संपवला नाही, रसेलला खरोखरचा पूर्वपक्ष मानून उत्तर दिलं. त्याचा वृत्तान्त १९९१ मध्ये 'संवाद' या नावाने पुस्तकरूपात आला.

विचार करा. एका टोकाला १८२१ ची पाठशाळा, दुसऱ्या टोकाला १९८३ चा हा संवाद. पण जुन्नरच्या मुलीला यातलं काहीही पदवीला शिकायला मिळत नाही.

मग बिघडलं कुठे?

आधी आमची चूक कबूल करतो. आम्ही शिक्षकांनी विषय गाइडवर आणून ठेवला. "पाच फरक लिहा", "टिपा लिहा". मूळ ग्रंथाचं एक पान वर्गात वाचून त्यावर भांडण लावणं आम्ही सोडून दिलं. मी स्वतःही त्यातलाच.

दुसरं कारण 'वर्कलोड'. कॉलेजात विषय टिकतो तो तासिकांवर. जनरलला मुलं असायची, स्पेशलला बाकं रिकामी. मी जिथे होतो तिथे शेवटच्या वर्षांत दोन बाकं भरायची. शिक्षक निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, जागा नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून मुलं नाहीत.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आलं. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठ विभागांत २०२३-२४ पासून, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. प्रत्येक मुलाला भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन क्रेडिट आहेत. चांगलं आहे. पण ते शिकवणार कोण? न्याय, बौद्ध, जैन, चार्वाक ही दर्शनं नीट शिकलेला पदवीधरच तयार होत नसेल, तर ते दोन क्रेडिट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड वर्गात वाचून दाखवणं होईल.

नोकरीचं काय?

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्या मुलीच्या वडिलांनीही तोच विचारला. तत्त्वज्ञानाची पदवी घेतली की कॅम्पसमधून पॅकेज मिळेल असं मी सांगणार नाही. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जाऊन बघा. यूपीएससीत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. मुलं क्लासच्या नोट्स झेरॉक्स करून पाठ करतात. जे तीन वर्षं सार्वजनिक विद्यापीठात रमतगमत शिकता आलं असतं, ते खाजगी क्लासला फी भरून तीन महिन्यांत घोकतात. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो, आणि पुढे इंजिनिअर होणारी मुलंही हा विषय शिकतात. तिथे हे चैनीत मोजत नाहीत.

माझा प्रस्ताव

१. पदवी विद्यापीठाच्या आवारात, अनुदानित. 'स्वयंअर्थसहाय्यित' नको. भरमसाट फी लावून सुरू करायची असेल तर सुरूच करू नका. ती पुन्हा जुनी दक्षिणाच होईल, फक्त उलट्या बाजूने.

२. मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमं. महाकोशात परिभाषा आधीच तयार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. आता त्या भाषेत कान्ट आणि नागार्जुन शिकवून दाखवू.

३. पहिल्या वर्षी तर्कशास्त्र सक्तीचं. नंतर भारतीय दर्शनं, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि महाराष्ट्राचा विचार: चक्रधर, ज्ञानेश्वर, तुकाराम, फुले, ताराबाई, आगरकर, आंबेडकर. दर सत्रात एक मूळ ग्रंथ पूर्ण वाचायचा.

४. आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांना मायनर म्हणून इथे येऊन क्रेडिट घेता यावेत. एकेका कॉलेजात दोन बाकं भरत असतील, तर दहा कॉलेजांचा मिळून एक वर्ग होतो.

या चारांतला पहिला मुद्दा मान्य नसेल, तर बाकीचे तीन सोडून दिले तरी चालतील. कारण या विद्यापीठावर आता सावित्रीबाईंचं नाव आहे. जोतीरावांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न या इमारतीला रोज विचारला जाणार: पैसा कुणाचा आणि शिकतंय कोण? तत्त्वज्ञानाची पदवी त्याला उत्तर देऊ शकते, पण वर्गात जुन्नर, इंदापूर, वेल्ह्याची मुलं-मुली बसलेली दिसली तरच.

अधिसभेतले काही सदस्य माझ्या यादीत आहेत, त्यांना ही पोस्ट दिसेलच. सहीचं निवेदन तयार करतोय. ज्यांनी कधी तत्त्वज्ञान किंवा तर्कशास्त्र शिकलंय, त्यांनी कमेंटमध्ये कॉलेज, वर्ष आणि आता काय करता एवढं लिहा. निवेदनाला जोडायला ती यादी उपयोगी पडेल. विरोध असेल तर तोही लिहा, फक्त कारणासहित.

त्या मुलीलाही ही पोस्ट पाठवतोय. तिचा पहिला सेमिस्टर संपलाय. परवा मेसेज आला होता: "सर, तर्कशास्त्राचं जुनं पुस्तक आहे का तुमच्याकडे? असंच वाचायला हवंय."

आहे. रविवारी घेऊन जाईल.