मुळेकाठची शिरगणती

खडकी म्हटले की ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. बापू गोखल्यांची आणि इंग्रजांची गाठ तिथे पडली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या लढाईत इंग्रजांकडून लढलेल्या विल्यम साइक्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुढे दख्खनची पाखरे टिपून ठेवली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला या मुलखाची माहिती व आकडे गोळा करायला नेमले. साहेबाला मराठी येत होते. हे काम करता करता त्याने पक्ष्यांचीही यादी केली. ती १८३२ मध्ये लंडनला छापली गेली. ओढ्याकाठी मान आखडून बसणारी आणि उडताच पांढरीशुभ्र दिसणारी आपली ढोकरी शास्त्रात प्रथम नोंदली गेली ती या यादीत.

मात्र ती जातींची यादी होती, शिरगणती नव्हे. त्यामुळे तेव्हापासून मुळेवरची पाखरे किती घटली, असे कोणी विचारले तर इतिहासाच्या माणसाला गप्प बसावे लागते. नुसत्या नावांवरून वाढ-घट कशी सांगणार?

अमेरिकेत नाताळात पाखरे मारण्याची चुरस लागे. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवले, की मारण्याऐवजी मोजा. त्या पहिल्या गणनेला २७ माणसे होती. आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्षी मोजतात, कारण थापट्या, तलवार बदक असे उत्तरेचे पाहुणे तेव्हा आपल्या पाण्यावर मुक्कामाला असतात.

मास्तर, तुम्हीही चार मुले घेऊन उजाडताच गावच्या तळ्यावर जा. एकाने मोजावे, एकाने लिहावे. थवा मोठा असेल तर आधी दहा पाखरे मोजावीत आणि तेवढ्या पुंजक्याच्या मापाने पुढे सरकावे. ओळख पटली नाही तर तसे लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. काहीच दिसले नाही तर शून्य लिहा. शून्य हीदेखील नोंदच. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी, त्याच सुमारास जा. एका वर्षाच्या आकड्याला अर्थ थोडा. दहा वर्षांचे आकडे बोलू लागतात.

खडकीची मुळा आज मैलापाण्याने काळवंडली आहे. उद्या ती सुधारली की आणखी बिघडली, हे सांगायला एखादी जुनी वही तरी हाताशी हवी. ती वही यंदाच्या जानेवारीत सुरू करा.