गिरणीच्या दारातून निघालेलं संगीत

१९३१च्या जानेवारीत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात, ‘केएफजेझेड’ या छोट्या रेडिओ केंद्रावर तिघांचा एक बँड वाजू लागला. बॉब विल्स फिडल वाजवायचा, हर्मन आर्नस्पायगर गिटार धरायचा आणि मिल्टन ब्राउन गायचा. पैसे द्यायची ‘बरस मिल’ ही गव्हाची गिरणी. तिच्या मैद्याचं नाव होतं ‘लाइट क्रस्ट’, म्हणून बँडचं नाव पडलं ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’, म्हणजे लाइट क्रस्टची कणीक मळणारी पोरं. मंदीनं घराघरांतला पैसा आटवला होता. पाव आणि बिस्किटं घरीच भाजली जात होती आणि कोणत्या कंपनीचा मैदा आणायचा हे घरातली बाई ठरवत होती. तिच्या कानापर्यंत पोचायचं साधन रेडिओ होतं. आज ज्याला ‘वेस्टर्न स्विंग’ म्हणतात, त्या संगीताचं मूळ या जाहिरातीत सापडतं.

अर्थात गिरणीनं त्याला जागा दिली, जन्म दिला नाही. विल्स १९०५ साली कॉसे या गावाजवळ जन्मला. बाप, आजा, काके, मामे सगळे फिडलवाले. गुरांच्या रँचवर रात्रभर चालणाऱ्या नाचांना त्यांना बोलावणं यायचं. या पोरानंही दहाव्या वर्षी अशा नाचाला साथ केली. पण घर चालायचं कापसावर. शेतात कापूस वेचताना त्याच्या शेजारच्या ओळीत कृष्णवर्णीय मजूर असायचे. त्यांची गाणी, त्यांच्या हाळ्या, सूर वाकवण्याची त्यांची रीत तो लहानपणीच शिकला. पुढे टर्की नावाच्या गावात न्हाव्याचं काम करत असतानाही तो नाचांना वाजवत राहिला. त्याच्या वाजवण्यात बापाकडून आलेली फिडलची धून आणि कापसाच्या रानातला ब्लूज एकत्र आले आहेत, ते यामुळे. गाण्याच्या मध्येच ‘आऽहा’ करून ओरडण्याची त्याची प्रसिद्ध लकब मात्र बाप-आज्यांकडून आलेली आहे. तेव्हाच्या टेक्सासात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे नाच वेगळे होते, दारं वेगळी होती. हे बँडही सगळे गोऱ्यांचेच होते. ज्यांच्याकडून ही विद्या आली, त्या मजुरांचं नाव एकाही तबकडीवर नाही. या कुळकथेत ते पूर्वज म्हणून पहिल्या ओळीत लिहिले पाहिजेत.

गिरणीचा जनरल मॅनेजर होता डब्ल्यू. ली ओ’डॅनियल. त्याला हे संगीत अजिबात आवडलं नाही आणि दोनच आठवड्यांत त्यानं कार्यक्रम बंद केला. श्रोत्यांनी मागणी लावून धरली, विल्सही त्याच्या मागे लागला, तेव्हा तो वळला. पण अट घातली: पगार हवा तर गिरणीत कामही करायचं. मग विल्स ट्रक चालवू लागला, आर्नस्पायगर मालधक्क्यावर राबू लागला, ब्राउन मैद्याची विक्री करू लागला. कार्यक्रम चालतोय हे दिसल्यावर मात्र ओ’डॅनियल स्वतःच मायक्रोफोनपाशी आला. निवेदन करू लागला, कविता वाचू लागला, आईबापांविषयी आणि सदाचाराविषयी बोलू लागला. अंगमेहनतीचं काम काढून घेऊन त्यानं बँडला गिरणीतच पूर्ण वेळ सरावाला बसवलं. प्रक्षेपण मोठ्या केंद्रांवर गेलं, मैदा खपू लागला. १९३२च्या फेब्रुवारीत डॅलस इथं ‘फोर्ट वर्थ डोबॉइज’ या नावानं व्हिक्टर कंपनीसाठी त्यांची दोन गाणीही ध्वनिमुद्रित झाली.

ओ’डॅनियलची एक बंदी मात्र त्याच्या अंगाशी आली. बँडनं सार्वजनिक नाचांना वाजवायचं नाही, असा त्याचा दंडक होता. मला वाटतं, सगळी पुढची कथा या दंडकातून फुटली. कारण हे संगीत ऐकण्यापुरतं नव्हतंच. ते पावलांसाठी होतं, आणि वादकाला मिळणारा खरा पैसाही नाचाच्या दारावर जमायचा.

१९३२च्या सप्टेंबरात मिल्टन ब्राउन बाहेर पडला. त्यानं ‘म्युझिकल ब्राउनीज’ उभा केला आणि फोर्ट वर्थच्या वेशीवरचं क्रिस्टल स्प्रिंग्ज हे नाचघर गाजवलं. इथं वाद्यमेळ भरत गेला. शास्त्रोक्त तालमीतला व्हायोलिनवादक सेसिल ब्रॉवर आला, जॅझ वाजवणारा पियानोवाला फ्रेड कॅलहून आला. आणि बॉब डन आला, मांडीवर आडवी धरून वाजवायची स्टील गिटार घेऊन. हवाईयन वादकांमुळे अमेरिकेत पसरलेलं हे वाद्य तोवर लांबलचक, हळवे सूर काढायचं. डननं त्याला वीज जोडली आणि त्यातून ट्रॉम्बोनसारखे तुटक, धारदार स्वर काढले. १९३५च्या जानेवारीत शिकागोत डेक्कासाठी त्यानं जे वाजवलं, ते कंट्री संगीतातलं विजेच्या वाद्याचं पहिलं ध्वनिमुद्रण मानतात. विजेची गरजही होतीच: नाचघराच्या गलक्यात साधी गिटार ऐकूच जात नसे. पुढच्या वर्षी, १९३६च्या एप्रिलमध्ये, मोटार अपघातात ब्राउन गेला. वय जेमतेम बत्तीस. तो जगता तर या संगीताचा राजा म्हणून कोणाचं नाव घेतलं गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

विल्सला १९३३ मध्ये ओ’डॅनियलनं काढून टाकलं. दारूपायी त्याचे कार्यक्रम बुडत होते. त्यानं वेको गावी ‘टेक्सास प्लेबॉइज’ जमवला आणि जाहिरातीत आपण आधीचे लाइट क्रस्ट डोबॉइज असल्याचं सांगितलं. ओ’डॅनियलनं दहा हजार डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला, आणि तो हरला. विल्स ओक्लाहोमा सिटीला गेला, तर तिथल्या रेडिओ केंद्रावरूनही ओ’डॅनियलनं या बँडला उठवलं. शेवटी फेब्रुवारी १९३४ मध्ये टल्सा शहरातल्या ‘केव्हीओओ’नं विल्सला थारा दिला. दुपारी रेडिओ, रात्री केन्स बॉलरूममध्ये नाच, असा क्रम बसला. आणि गंमत पाहा, पोट पुन्हा मैद्यावरच चालू लागलं: ‘प्लेबॉय’ याच नावाचा मैदा बाजारात आला. या वेळी मात्र नाचाला बंदी नव्हती. म्हणून विल्सनं ड्रम घेतले, सॅक्सोफोन घेतला, ट्रम्पेट घेतले. १९३५ मध्ये अठरा वर्षांचा स्टीलवादक लिऑन मॅकॉलिफ त्याच्याकडे आला, तोही डोबॉइजमधूनच.

इकडे गिरणीचा बँड थांबला नाही. माणसं जायची, नवी यायची, नाव गिरणीचं राहायचं. १९३६ मध्ये ते गायक-नट जीन ऑट्रीच्या चित्रपटांत दिसले. ओ’डॅनियलनंही १९३५ मध्ये गिरणी सोडली, स्वतःचा ‘हिलबिली’ मैदा काढला, त्याच नावाचा बँड जमवला आणि तो घेऊन १९३८ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकली. १९४१च्या सेनेट निवडणुकीत त्यानं लिंडन जॉन्सनला १,३११ मतांनी हरवलं. हेच जॉन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या बँडला त्यानं दोन आठवड्यांत हाकललं होतं, त्याच्याकडून शिकलेल्या युक्तीवर हा माणूस वॉशिंग्टनला पोचला.

‘वेस्टर्न स्विंग’ हे नाव रुळलं ते चाळीसच्या दशकात, कॅलिफोर्नियात. तोवर संगीत दहा वर्षांचं झालं होतं. महायुद्धात वादक पांगले, डोबॉइजचं प्रक्षेपणही खंडित झालं, पण युद्धानंतर ते परत जुळले. १९३५ मध्ये बँजो घेऊन आलेला मार्विन ‘स्मोकी’ माँटगोमेरी पुढे त्यांचा म्होरक्या झाला आणि २००१ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत या बँडशी जोडलेला राहिला. टेक्सासच्या विधिमंडळानं २०११ साली वेस्टर्न स्विंगला राज्याचं अधिकृत संगीत ठरवलं.