कानपूरच्या भंगारातले लिबरेटर

आजचा धागा एका विमानाविषयी आहे. ज्या देशाच्या रंगात ते एअर शोमध्ये उडत राहिले, त्या देशासाठी ते एकदाही लढले नव्हते.

अमेरिकेतील एअर शोंची छायाचित्रे पाहणाऱ्यांना 'विचक्राफ्ट' हे नाव परिचित असेल. चार इंजिने, खांद्यावर ठेवल्यासारखे लांब अरुंद पंख, शेपटीला दोन गोलसर उभे पाखे आणि डब्यासारखे चौकोनी पोट. हे बी-२४ लिबरेटर जातीचे बॉम्बफेकी विमान. कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते १९८९ साली पुन्हा उडते केले आणि पुढील सुमारे तीन दशके ते गावोगावच्या विमानतळांवर उतरत राहिले. ऐंशी-नव्वदीचे माजी सैनिक नातवंडांचा हात धरून त्याच्यापाशी येत, पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहत. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातील मूळ 'विचक्राफ्ट'ने युरोपवर १३० मोहिमा केल्या होत्या. तिच्या स्मरणार्थ २००५ साली हे रंगकाम झाले. सुरुवातीला हेच विमान 'ऑल अमेरिकन' या नावाने उडत असे.

या नावातला विनोद इतिहासाच्या विद्यार्थ्यालाच कळावा. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासातील फोर्ट वर्थच्या कारखान्यातून बाहेर पडलेले हे विमान त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या हवाली झाले. अमेरिकी हवाई दलासाठी त्याने एकही मोहीम केली नाही. ब्रिटिशांकडे ते युद्ध संपेपर्यंत राहिले. आणि १९४८ पासून १९६८ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, ते भारतीय हवाई दलाचे होते.

ते आपल्याकडे कसे आले, ही या धाग्याची खरी गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात लिबरेटर अठरा हजारांहून अधिक संख्येने बनले. अमेरिकेने इतर कोणतेही बहुइंजिनी लढाऊ विमान इतक्या मोठ्या संख्येने बांधले नाही. त्याचा पल्ला मोठा होता, म्हणून बंगालमधील सालबनी, दिग्री यांसारख्या तळांवरून उठून ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत बॉम्बफेक करण्यासाठी रॉयल एअर फोर्सने त्याला पसंती दिली. बसणाऱ्यांना मात्र ते फारसे प्रिय नव्हते. बॉम्बकोठीचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत वर जात आणि त्या कोठीतून पुढून मागे जायला वीतभर रुंदीची एक पट्टी असे. पॅराशूट बांधलेल्या माणसाने तिच्यावरून कसे जावे, हा विचार आराखडा काढणाऱ्याने केला असावा असे वाटत नाही.

ही विमाने ब्रिटनला 'लेंड-लीज' व्यवस्थेखाली, म्हणजे उसनी मिळाली होती. युद्ध संपल्यावर अट साधी होती : परत करा, किंमत मोजा, नाहीतर नष्ट करा. अमेरिकेला ती परत नको होती. तिच्या स्वतःच्याच हजारो विमानांचे ॲरिझोनाच्या वाळवंटात वितळवून ॲल्युमिनियम केले जात होते. कर्जात बुडालेल्या ब्रिटनला किंमत परवडणारी नव्हती. तेव्हा भारतातील लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरी येथील देखभाल तळावर आणून उभी केली गेली आणि ती पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत अशी व्यवस्था करण्यात आली. पत्र्याला कुदळींनी भोके पाडली, कॉकपिटमधील उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू ओतली, काहींना यंत्रांनी ओढून आपटले. मग ब्रिटिश निघून गेले आणि विमाने तशीच पावसाळे सोसत उभी राहिली.

१९४८ साली काश्मीरमध्ये युद्ध चालू होते. फाळणीनंतर वाट्याला आलेल्या भारतीय हवाई दलात टेम्पेस्ट, स्पिटफायर, डाकोटा होती. जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या वैमानिकांनी डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून बॉम्ब ढकलून वेळ निभावली होती. नवी विमाने परदेशातून घ्यायची तर त्यासाठी परकीय चलन हवे. अशा वेळी कोणाचे तरी लक्ष कानपूरच्या त्या भंगाराकडे गेले.

दुरुस्तीचे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे आले. कंपनीचे तंत्रज्ञ कानपूरला गेले, त्यातल्या त्यात कमी मोडलेली विमाने निवडली, एकाचा भाग दुसऱ्याला लावला आणि विमान जेमतेम उडेल इतपत डागडुजी केली. मग कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली. कानपूर ते बंगळूर हवाई अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. ज्या इंजिनांत कोणीतरी मुद्दाम वाळू ओतली होती, जो पत्रा कुदळीने फोडून नंतर ठिगळे लावून बुजवला होता, त्यांच्या भरवशावर विंध्य-सातपुडा ओलांडायचा. असे एकदा केले तर धाडस म्हणता येईल. मुन्शी यांनी ते चाळीसहून अधिक वेळा केले. बंगळूरला प्रत्येक विमान पूर्ण उघडून, नव्याने बांधून हवाई दलाला देण्यात आले. एकूण संख्या ४२ सांगितली जाते. पहिली सहा विमाने घेऊन नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूर येथेच ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. ही कथा समाजमाध्यमांवर जेव्हा जेव्हा फिरते, तेव्हा तिला 'देशी जुगाड' असा मथळा दिला जातो. मला तो मथळा अन्यायकारक वाटतो. जुगाड म्हणजे प्रशिक्षण नसताना, साधने नसताना हाताला लागेल त्यावर भागवणे. बंगळूरची गोष्ट तशी नव्हती.

ही कंपनी डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने स्थापन केली होती. भारतात जहाज, मोटार आणि विमान बनलेच पाहिजे, या हट्टातील हा मधला अध्याय. जपान युद्धात उतरल्यावर सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ पासून हा कारखाना अमेरिकी लष्करी हवाई दलाचा दुरुस्ती तळ म्हणून चालवला गेला. आशियाच्या आघाडीवर झिजलेली विमाने तिथे येत, उघडली जात, तपासून परत जात. त्यात डाकोटा होती, कॅटलिना होती आणि लिबरेटरही होती. म्हणजे १९४८ साली चकेरीच्या मैदानात उभ्या राहिलेल्या कामगाराला हे यंत्र अनोळखी नव्हते. त्याने त्याची आतडी आधी हाताळली होती. ट्विन वॅस्प इंजिनाचे चौदा सिलिंडर कोणत्या क्रमाने उतरवायचे, हे त्याला ठाऊक होते. हा चमत्कार नव्हता, कौशल्य होते, आणि कौशल्याला चमत्कार म्हटले की ते कमावणाऱ्यांची नावे पुसली जातात. मुन्शी यांचे नाव निदान उरले. ठिगळे मारणाऱ्यांची नावे फारशी कोणी घेत नाही.

महाराष्ट्राशी या विमानांचा दुसरा धागा पुण्याचा. जानेवारी १९५१ मध्ये ६ क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरांसह नव्याने उभारली गेली. तिचे काम समुद्रावर टेहळणी करणे आणि तिचा तळ पुण्याचे लोहगाव. डोंगरामागच्या तळावरून उठून, सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या आणि संध्याकाळी घाट चढून परत यायचे, हा त्यांचा दिनक्रम. ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट विमाने मिळाली. ६ क्रमांकाकडे मात्र लिबरेटर १९६८ अखेरपर्यंत राहिली. तोवर जगातील इतर बहुतेक हवाई दलांनी ती केव्हाच मोडीत काढली होती.

यामुळेच पुढची घटना घडली. साठच्या दशकाच्या शेवटी जगभरच्या संग्रहालयांना जाग आली की, अठरा हजारांतून पाहण्यासारखी मूठभर लिबरेटरसुद्धा शिल्लक नाहीत आणि उडण्याच्या स्थितीतील एक अख्खा ताफा भारतात आहे. कॅनडाने १९६८ साली एक नेले आणि बदल्यात एक लायसँडर विमान दिले. ते लायसँडर आज दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयात आहे. १९६९ साली एक लिबरेटर थेट उडत ॲरिझोनातील टूसॉनला, आजच्या पिमा संग्रहालयात गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला मिळाले. ज्यांनी कुदळी चालवल्या, त्यांच्याच संग्रहालयात, तेही स्वतःच्या इंजिनांच्या बळावर! 'विचक्राफ्ट' होणारे विमान मात्र १९८० च्या सुमारापर्यंत इथेच पडून होते. एका ब्रिटिश संग्राहकाने ते खोलून इंग्लंडला नेले, १९८४ मध्ये कॉलिंग्ज फाउंडेशनने विकत घेतले आणि फ्लोरिडात ते पुन्हा जोडले गेले.

मग त्यावर अमेरिकी रंग चढवणे ही लबाडी होती काय? या प्रश्नावर माझे मत गेल्या वर्षभरात बदलले आहे. आधी मला राग येत असे. वीस वर्षांची भारतीय सेवा, आणि बाहेरून तिची खूणही दिसू नये! परंतु त्या विमानापाशी येऊन थबकणाऱ्या वृद्धांची छायाचित्रे पाहिली की राग टिकत नाही. त्यांची स्वतःची विमाने वाळवंटात वितळली होती. त्यांना हात लावायला काहीतरी हवे होते. शिवाय असे विमान उडते ठेवण्याचा खर्च ज्या समाजाने उचलला, त्याने त्यावर आपली स्मृती रंगवली, यात नवल नाही. आपण ती विमाने देऊन टाकली तेव्हा त्यांच्याबरोबर कोणती कथा पाठवली, हा प्रश्न आपल्याला अधिक लागू पडतो.

भारतीय हवाई दलाच्या ऐतिहासिक उड्डाण पथकात आज टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, २०१८ मध्ये दाखल झालेले 'परशुराम' नावाचे डाकोटा आहे. हवाई दल दिनी ती उडताना दिसली आहेत. उडते लिबरेटर आपल्याकडे नाही. पालमला एचई ९२४ क्रमांकाचे एक उभे आहे, भारतीय चक्रचिन्हासह. दिल्लीला गेलात तर त्याच्या पत्र्याजवळ जाऊन नीट पाहा.

आणि पुणेकर वाचकांना एक विनंती. लोहगाव, विमाननगर, येरवडा या परिसरात ज्यांचे आजोबा हवाई दलात किंवा तळावर कामाला होते, त्यांनी जुने अल्बम काढावेत. चार पंख्यांच्या, दोन शेपट्यांच्या विमानापुढे उभा असलेला गट दिसला, तर मागच्या बाजूला विमानाचा क्रमांक शोधा. तो 'एचई' या अक्षरांनी सुरू होत असेल. छायाचित्र आणि त्यातील माणसांची नावे या धाग्याखाली टाकलीत, तर क्रमांकावरून ते विमान पुढे कुठे गेले हे आपण शोधून काढू.