कर्नेल नवा, डिस्क तीच

सर्व्हरवर लिनक्सचा कर्नेल अपग्रेड करावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि कालपर्यंत झपाट्याने वाचली जाणारी डिस्क आज रेंगाळू लागावी, ही तक्रार दर काही वर्षांनी नव्याने उगवते. डिस्क तीच, केबल तीच, फाइल सिस्टिमही तीच. बदलला तो फक्त कर्नेल. साहजिकच पहिला संशय जातो तो कोणाच्या तरी चुकीवर. 'काहीतरी मोडले' हे निदान सोपे असते आणि काही वेळा खरेही असते. पण लिनक्सचा गेल्या दोन-अडीच दशकांचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. प्रत्येक कर्नेल डिस्कबद्दल एक अंदाज मनाशी धरून चालतो: ती फिरणारी आहे की नाही, तिच्याकडे एका वेळी किती मागण्या येतील, वाचणारा पुढे काय मागेल. अपग्रेडबरोबर हा अंदाज बदलतो आणि जुना अंदाज ज्यांच्या पथ्यावर पडत होता त्यांना तो बदल बिघाडासारखा भासतो.

हा अंदाज बांधावा लागला तो फिरत्या डिस्कच्या यंत्ररचनेमुळे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पुरी होते. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, आणि टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून वाचायचे झाले तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास मागण्या पुऱ्या करते. सलग वाचताना मात्र तीच डिस्क सेकंदाला कित्येक मेगाबाइट सहज ओतते. म्हणून मागण्या आल्या त्या क्रमाने न पुरवता वाटेतल्या मजल्यांवर थांबत जाणाऱ्या लिफ्टप्रमाणे जागांच्या क्रमाने पुरवायच्या, ही जुनी युक्ती. हे काम करणाऱ्या कर्नेलच्या भागाला, म्हणजे शेड्युलरला, 'एलिव्हेटर' असेच नाव पडले. लिनक्स २.४ मध्ये या लिफ्टचा एक दोष ठळक झाला. मोठी फाइल लिहिली जात असताना वाचणारा कार्यक्रम ताटकळत राही. लिहिणाऱ्याला थांबून चालते, कारण त्याचा मजकूर मेमरीत सुरक्षित असतो. वाचणाऱ्याचे पुढचे पाऊलच त्या मजकुरावर अवलंबून असते. येन्स अ‍ॅक्सबो यांच्या 'डेडलाइन' शेड्युलरने यावर वाचनाला अर्धा सेकंद आणि लेखनाला पाच सेकंद अशी मुदत बांधून तोडगा काढला.

डिसेंबर २००३ मध्ये २.६ आला तो आणखी धाडसी अंदाज घेऊन. राइस विद्यापीठातील सीताराम अय्यर आणि पीटर द्रुशेल यांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते की वाचणारा कार्यक्रम एक तुकडा वाचून त्यावर क्षणभर काम करतो आणि मग लगतचा तुकडा मागतो. त्या क्षणभराच्या उसंतीला 'काम संपले' समजून शेड्युलर टोक दुसरीकडे नेतो आणि लगेच परत आणतो. निक पिगिन यांनी लिनक्ससाठी लिहिलेला 'अँटिसिपेटरी' शेड्युलर म्हणून वाचनानंतर सहा-सात मिलिसेकंदांपर्यंत मुद्दाम स्वस्थ बसे. घरच्या संगणकातल्या एकुलत्या एका डिस्कवर हे थांबणे फायद्याचे ठरले. पण ज्या डेटाबेसमध्ये शेकडो जण विखुरलेल्या जागांवरून वाचत असतात, किंवा जिथे एका नावामागे दहा डिस्कचा रेड संच उभा असतो, तिथे तेच थांबणे निव्वळ नुकसान होते. तिथल्या प्रशासकांना २.६ संथ वाटला तो यामुळे, आणि बूट करताना 'एलिव्हेटर=डेडलाइन' लिहिणे हा त्यांचा रिवाज झाला. सप्टेंबर २००६ मध्ये २.६.१८ ने डिफॉल्टचा मान 'सीएफक्यू' या दुसऱ्या शेड्युलरला दिला, आणि फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ मधून अँटिसिपेटरी काढूनच टाकला. दोन्ही वेळा कोणाचा तरी वेग वाढला आणि कोणाचा तरी घटला.

यावर एक रास्त आक्षेप असा: सगळेच अंदाजावर ढकलून कसे चालेल? ड्रायव्हरमधले खरे दोषही असतात. असतात खरे. आयडीई डिस्कच्या काळातले प्रसिद्ध प्रकरण घ्या. नवा कर्नेल बांधताना मदरबोर्डच्या चिपसेटचा नेमका ड्रायव्हर राहून गेला, की डिस्क सर्वसाधारण ड्रायव्हरच्या हाती जाई. मग डीएमए बंद पडे, प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागे आणि 'एचडीपार्म'च्या चाचणीत वेग मोजक्या मेगाबाइटांवर घसरलेला दिसे. पण इथेही नीट पाहिले तर कर्नेल आपल्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागला होता: ओळख न पटलेल्या चिपसेटवर सर्वांत सुरक्षित मार्ग धरावा, मग तो सर्वांत संथ का असेना. रीड-अहेडचेही तसेच. पुढचे किती आधीच वाचून ठेवायचे याचे लिनक्समधले रूढ माप १२८ किलोबाइट. एका डिस्कला ते पुरे पडते, रुंद रेड संचाला अपुरे. कोणी ते हाताने वाढवून ठेवले असेल आणि अपग्रेडनंतर ती सेटिंग लागू झाली नसेल, तर वेग उतरतो आणि बोल कर्नेलला लागतो.

एसएसडी आल्यावर तर अंदाजाचा पायाच हलला. विखुरलेल्या हजारो मागण्या सहज पेलणाऱ्या साधनापुढे टोक वाचवण्याची सारी हुशारी निरुपयोगी, उलट ओझे. एका रांगेवरचे एकच कुलूप अनेक प्रोसेसरांनी ओढायचे, हीच मोठी अडचण झाली. २०१३ मध्ये मातियास ब्योरलिंग, अ‍ॅक्सबो आणि सहकाऱ्यांनी अनेक रांगांची रचना मांडली आणि जानेवारी २०१४ च्या ३.१३ मध्ये ती 'बीएलके-एमक्यू' या नावाने आली. सुरुवातीला तिच्यात शेड्युलर नव्हताच, कारण गृहीत धरले होते ते वेगवान साधन. २०१७ मध्ये स्कझीच्या डिस्कही डिफॉल्टने या रचनेवर आणण्याचा बदल ४.१३ च्या चाचणी आवृत्तीत झाला, काही यंत्रांवर वेग घसरला, आणि अंतिम आवृत्तीआधी तो मागे घ्यावा लागला. ४.१९ मध्ये तो पुन्हा आला, आणि मार्च २०१९ च्या ५.० मधून जुनी एकरांगी रचना सीएफक्यूसकट गेली. इथे तक्रारींचे एक नवे कारण जन्मले. 'एलिव्हेटर=' हा बूटचा पर्याय निष्प्रभ झाला; 'डेडलाइन'च्या जागी 'एमक्यू-डेडलाइन' आणि 'नूप' या जुन्या शेड्युलरच्या जागी 'नन' आले. २.६ च्या काळातल्या रिवाजाने लिहिलेली स्क्रिप्ट चालत राही, पण तिचा परिणाम होत नसे.

कोणी म्हणेल, मग जुना कर्नेलच ठेवावा. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या प्रोसेसरांतल्या 'मेल्टडाउन' या सुरक्षा-त्रुटीने याचे उत्तर दिले. त्यावरच्या उपायाने कर्नेलचे मेमरी-तक्ते वेगळे ठेवले आणि त्यामुळे प्रत्येक सिस्टिम कॉल महागला. वेगवान एसएसडीवर लहान लहान तुकडे वाचणाऱ्यांना तो फरक जाणवला. हा संथपणा चुकीने आलेला नाही. सुरक्षिततेसाठी जाणूनबुजून मोजलेली किंमत आहे ती. दुसरा प्रश्न अधिक टोकदार: कर्नेलने साधन स्वतःच ओळखून योग्य शेड्युलर का निवडू नये? काही अंशी तो निवडतो. ५.० पासून एका रांगेच्या साधनाला एमक्यू-डेडलाइन आणि अनेक रांगांच्या एनव्हीएमईला शेड्युलरच नाही, हा साधा नियम आहे. पण रेड कंट्रोलर आणि आभासी यंत्रातली डिस्क मागचे खरे रूप झाकतात. आणि कामाचा स्वभाव, म्हणजे एकजण सलग वाचतो की शंभरजण तुकड्यांनी, हे डिस्कवर लिहिलेले नसते. तिथे अंदाजाला पर्याय नाही.

मात्र अंदाज बदलला असे म्हणण्याआधीही एक पायरी आहे. अपग्रेड म्हणजे रीबूट, आणि रीबूट म्हणजे मेमरीतला पेज कॅशे रिकामा. काल जे मेमरीतून मिळत होते ते आज पहिल्यांदा डिस्कवरून येते, आणि या तक्रारींतल्या काहींचे मूळ एवढेच असते. म्हणून जुना कर्नेलही तसाच बूट करून, कॅशे रिकामा करून तीच चाचणी घ्यावी. फरक उरला तर दोन्हीकडचे शेड्युलर, रीड-अहेड, ड्रायव्हर आणि सुरक्षा-उपाय समोरासमोर मांडावेत. २००६ पासून 'ब्लॉकट्रेस'मुळे प्रत्येक मागणीचा प्रवास पाहता येतो. सगळ्या सेटिंग जुळूनही फरक राहिला तरच 'गिट बायसेक्ट'ने दोन आवृत्त्यांमधले बदल निम्मे निम्मे करत दोषी बदल शोधावा. कर्नेलकारांनीही हे ओझे केवळ वापरणाऱ्यांवर टाकलेले नाही. २००७ मध्ये २.६.२३ साठी रीड-अहेड नव्याने लिहिणारे वू फेंगग्वांग यांनीच पुढे इंटेलमध्ये '०-डे' ही स्वयंचलित चाचणी उभी केली. अंदाज बदलणाऱ्यानेच तो तपासण्याची यंत्रणा बांधली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तरीही तुमच्या डिस्कवर तुमचे काम कसे चालते, हे कोणत्याही दूरच्या प्रयोगशाळेला कळणार नाही. ते मोजमाप अपग्रेडच्या आदल्या दिवशीच, वेग आणि सेटिंग दोन्हींसह, लिहून ठेवायला हवे. तेवढा कागद हाती असला की 'मोडले' आणि 'बदलले' यांतला फरक वादाने नव्हे, आकड्यांनी ठरतो.