एकलहऱ्याची राख, ओझरचा रस्ता

आजचं ओझर म्हणजे अष्टविनायकातलं नाही बरं का. हे नाशिकजवळचं, मिग विमानांच्या कारखान्याचं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं ओझर. इथून द्राक्षांचे आणि कांद्याचे भरलेले ट्रक रात्रंदिवस जातात, आणि उन्हात मऊ झालेल्या डांबरावर चाकोऱ्या पडतात.

या चाकोऱ्यांवरचा एक उपाय जवळच, नाशिकरोडकडच्या एकलहऱ्यात पडून आहे. तिथलं औष्णिक वीज केंद्र १९७० मध्ये सुरू झालं. १९७९ ते ८१ दरम्यान २१० मेगावॅटचे तीन संच आले. आपल्या कोळशात राख फार, शंभर किलोमागे ३५-४० किलो. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला ढोबळमानाने साडेतीन हजार टन राख! ती पाण्यात कालवून तळ्यात सोडायची, आणि तळं सुकलं की ती वाऱ्यावर उडते.

आता रस्त्याकडे येऊ. डांबरी मिश्रणात खडी, कच, पाचेक टक्के डांबर, आणि ‘फिलर’ म्हणजे पिठासारखी भुकटी असते. ही भुकटी खडीमधल्या फटी भरते, डांबराला ताठपणा देते, त्यामुळे चाकोऱ्या कमी पडतात. (जास्त झाली तर रस्ता ठिसूळ होतो, तेही लक्षात ठेवा.) उडती राख या कामाला चालते हे अमेरिकेत १९३० च्या दशकातच कळलं होतं. मात्र आपल्या राखेत चुना कमी असतो. पाण्याने डांबर खडीपासून सुटू नये म्हणून जे काम चुना करतो, ते ही राख एकटी नीट करत नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

मग कायदा आला. १९९९ मध्ये केंद्राने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना राख वापरायला लावली. २००३ मध्ये ही हद्द १०० किलोमीटर झाली आणि रस्त्यांच्या भरावात सुपीक मातीऐवजी राख घाला, असा नियम आला. ओझर या हद्दीत आरामात बसतं. २०१६ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं राख धोरण आणलं. २०२१ च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये दंड लावला.

पण हिशेब करून बघा. सात मीटर रुंद, एक किलोमीटर रस्त्याचा ४० मिलिमीटरचा वरचा थर म्हणजे साधारण ६५० टन मिश्रण. त्यात फिलर पाच टक्के धरला तर ३३ टन, म्हणजे दोन-तीन टिपर. एकलहऱ्याची एका दिवसाची राख संपवायला शंभर किलोमीटर रस्ता लागेल! उड्डाणपुलाच्या तीन मीटर उंच भरावात मात्र एका किलोमीटरला पन्नास हजार टनांच्या घरात राख जिरते. म्हणून सरकारचा भर भरावावर, आणि सिमेंटवाल्यांचे टँकर कोरडी राख उचलतात.

डांबराच्या थरात राख मागे पडली याचं माझ्या मते साधं कारण आहे. ठेकेदाराच्या क्रशरवर काळ्या दगडाची भुकटी आयतीच पडलेली असते. राख आणायची तर टँकर, सायलो, दर खेपेची तपासणी, हे सगळं आलं.